हातावर बसा

नोकरीच्या पहिल्या दिवशी बाईंनी माझीच तपासणी केली. शिरूरच्या ऑफिसात मी नवी साडी नेसून, नियुक्तीचं पत्र हातात धरून उभी, आणि समोर खुर्चीत पन्नाशी उलटलेल्या एक बाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेल्या. चष्म्याची एक काडी गायब, तिथं पांढरा दोरा कानामागं गुंडाळलेला. उजव्या गुडघ्याला पट्टा. पत्राकडं ढुंकूनही न बघता त्यांनी मला वरच्या फळीवरचा डबा काढायला सांगितला. मी पाच फुटाला दोन बोटं कमीच. टाचा उंचावल्या, एक उडी मारून बघितली, शेवटी खुर्ची ओढली, साडी खोचली आणि चढले. डबा हातात दिल्यावर बाईंनी वही उघडून लिहिलं आणि वर मोठ्यानं वाचूनही दाखवलं. "उंचावरची वस्तू काढणे: खुर्चीच्या मदतीनं येतं. लाज: येते, पण काम अडत नाही."

म्हटलं, झालं. बाई चक्रम दिसतेय, आणि हिच्याच हाताखाली आपली भाकरी लिहिलेली. पुढच्या सहा वर्षांत माझी बरीच मतं बदलली, पण बाई चक्रम आहेत हे मत काही मला बदलावं लागलं नाही.

आमचं काम सांगायला सोपं. शिरूर आणि दौंड तालुक्यांत जी लेकरं चालायला, बोलायला, ऐकायला, समजायला मागं पडतात त्यांच्याकडं जायचं, त्यांना काय येतं आणि कशाला मदत लागते ते बघायचं आणि कागदावर मांडायचं. त्या कागदावर पुढचं सगळं ठरायचं. कुणाला चाकाची खुर्ची मिळणार, कुणाला कानाचं मशीन, कोण वर्गात बसणार आणि कोण घरी. म्हणजे टिक करायची आम्ही, आणि ती निस्तरायची लेकरानं.

बाईंची स्वतःची वही होती, शंभर पानी, आणि तिच्यात तीनच रकाने. येतं. मदतीनं येतं. अजून येत नाही. नुसतं 'येत नाही' असा रकाना त्यांनी ठेवलाच नव्हता. मी एकदा घाईत 'अजून' गाळलं, तर मला अख्खं पान परत लिहायला लावलं, आणि मी लिहीत असताना समोर बसून उसाचं कांडकं खाल्लं. बरं, वहीत फक्त लेकरंच होती असंही नाही. बाईंच्या तावडीतून कुणी सुटायचं नाही. एका सरपंचांच्या नावापुढं लिहिलं होतं, 'ऐकून घेणे: मदतीनं येतं. मदत: बायको.' दौंड स्टेशनबाहेरच्या एका रिक्षावाल्याच्या नावापुढं, 'गप्प बसणे: अजून येत नाही.' माझी तर चार पानं भरलेली होती. ती मला कधी दाखवली नाहीत, पण मी चोरून वाचली, आणि 'चोरून वाचणे: येतं' ही नोंद तिथं आधीपासूनच होती.

घरी गेलं की पहिल्यांदा बाई स्वतःचंच गाऱ्हाणं गायच्या. मला शिट्टी वाजवता येत नाही, पोहता येत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही, आणि पन्नाशी गेली तरी भाकरी गोल होत नाही, सासू गेली पण टोमणे इथंच ठेवून गेली. एवढं सांगून मग म्हणायच्या, आता तुमच्या लेकराचं सांगा. समोरची माणसं जी अंग चोरून बसलेली असायची ती एकदम सैल व्हायची. आयांना हसू फुटायचं. एक म्हातारे आबा तर लेकराचं राहिलं बाजूला, स्वतःलाच घड्याळ कळत नाही हे बाईंना कानात सांगून मोकळे झाले.

त्यांची स्कूटी हे वेगळंच प्रकरण. बाईंना बोलताना समोरच्याचं तोंड बघायची सवय, आणि मी बसायचे मागं. म्हणजे काय व्हायचं ते समजून घ्या. कोरेगाव भीमाच्या चौकात कंपन्या सुटायच्या वेळेला कंटेनर, बसगाड्या, सायकलवरची परप्रांती पोरं, सगळं एकात एक घुसलेलं, आणि बाई मागं वळून मला सांगतायत की तीन वर्षांचं पोर जिना कसं चढतं. एका ट्रकवाल्यानं वरून डोकं काढून हाक मारली, "मौसी, आगे देखो." बाईंनी स्कूटी त्याच्या दाराशी नेऊन थांबवली आणि शांतपणे सांगितलं, "बेटा, आगे देखना आता है. पीछे देखना भी आता है. दोनों एक साथ अभी नहीं आता." तो इतका हसला की सिग्नल सुटला तरी ट्रक जागचा हलेना, आणि मागच्यांनी हॉर्न वाजवून चौक डोक्यावर घेतला. मी मात्र त्या दिवसापासून रोज निघताना देवाला हात जोडायला लागले.

स्कूटीच्या हुकाला बियाणांच्या दुकानाची एक पिशवी लटकलेली असायची. सरकारी किट आम्हाला मिळालेलं होतं, ठोकळे, मणी, चित्रांचे तक्ते, पण बाईंची खरी भिस्त या पिशवीवर. तिच्यात एक कुलूप, त्याच्या तीन किल्ल्या आणि त्यातल्या दोन चुकीच्या, बटणं असलेला जुना शर्ट, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणि सोलायला शेंगा. लेकराच्या बोटांत किती जोर आहे, दोन्ही हात एकमेकांना धरून चालतात का, हे शेंग सोलताना जेवढं कळतं तेवढं मण्यांनी कळत नाही असं त्यांचं म्हणणं. म्हणणं खरंच होतं. फक्त गावाला पोचेपर्यंत निम्म्या शेंगा बाईंनीच संपवलेल्या असायच्या.

त्या डब्याची गोष्ट सांगायलाच हवी. दौंडला मीटिंग होती आणि नवे साहेब आलेले. साहेबांनी तक्ता काढला आणि विचारलं की बाकीचे लोक तासाला दहा मुलं तपासतात, तुम्ही एका मुलापाशी अख्खी दुपार काय करता. बाई उठल्या आणि तो डबा साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. म्हणाल्या, साहेब, नुसत्या डाव्या हातानं उघडून दाखवा. साहेब माणूस भिडस्त, नाही म्हणवेना. आधी टेबलावर दाबून बघितलं, मग छातीशी धरून बघितलं, मग डबा दोन्ही गुडघ्यांत पकडला आणि जोर लावला. झाकण उडालं, आतले शेंगदाण्याचे लाडू कपाटाखाली गेले आणि दोन कारकून त्यांच्या मागं गेले. साहेबांनाच पहिलं हसू फुटलं म्हणून आम्हाला हसता आलं. बाईंनी वहीत लिहिलं, 'डबा उघडणे: गुडघ्याच्या मदतीनं येतं. युक्ती स्वतःची, कुणी सांगितली नाही.' मग साहेबांना म्हणाल्या की फॉर्मवर याला एकच टिक आहे, पण मला हे बघायला दहा मिनिटं लागली, आणि तुम्ही तर धडधाकट. साहेबांनी तक्ता घडी करून ठेवला तो पुन्हा आमच्यापुढं उघडला नाही.

पण बाईंचा खरा मंत्र एकच होता, हातावर बसा. दोन्ही तळहात मांडीखाली घालायचे आणि त्यावर बसायचं. लेकरू काही करायला लागलं की आजूबाजूच्यांचे हात आपोआप पुढं येतात. झाकण सैल करून देतील, बटण लावून देतील, चमचा तोंडापर्यंत नेतील. बाई म्हणायच्या, आधी मोठ्यांच्या हाताची खाज तपासायची, लेकराची तपासणी त्यानंतर.

खुटबावला एक सात वर्षांचा मुलगा होता, एक हात आखडलेला, दुसराही जरा डुगडुगता. त्याला घास कायम आज्जी भरवायच्या. बाईंनी ताट त्याच्यापुढं ठेवलं आणि आज्जींना सांगितलं, हातावर बसा. आज्जी म्हणाल्या माझं लेकरू उपाशी ऱ्हाईल. बाई म्हणाल्या, राहू दे, आम्ही पण राहतो. मग ओसरीवर आज्जी, बाई आणि मी अशा तिघी ओळीनं हातावर बसलो. पोरगं आमच्या तोंडाकडं बघतंय, आम्ही त्याच्या. ते रडलं. आज्जी रडल्या. मग भूक लागली तसं त्यानं ताट पोटाशी ओढलं आणि पंजानं कालवायला सुरुवात केली. आमटी कानात गेली, केसात गेली, भिंतीवर गेली, पण दहातले चार घास तोंडात गेले. "सुटू का आता?" आज्जी दर घासाला विचारायच्या, आणि बाई मान हलवायच्या. शेवटी त्या पोरानं काय करावं? आज्जीला हातच नाहीत म्हटल्यावर त्यानं एक घास उचलला, डुगडुगत आणला आणि आज्जीच्या तोंडात कोंबला. आज्जी तो घास चावत होत्या, डोळ्यांतून धारा लागलेल्या आणि हसूही थांबत नव्हतं. बाईंनी वहीत लिहिलं, 'जेवणे: येतं, सांडतं. भरवणे: येतं.'

हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं होतं, त्या ओळीत स्वतः हातावर बसले होते. तरीही केंदूरच्या स्वरालीच्या बाबतीत मी जी माती खाल्ली ती खाल्लीच. ते आठवलं की अजून कानशिलं गरम होतात.

शिरूरला शिबिर होतं. सतरंज्या अंथरलेल्या, लेकरांची रांग, डॉक्टर एका टोकाला, बाई दुसऱ्या टोकाला कानाचं मशीन बसवण्यात गुंतलेल्या, आणि आकलनाच्या सतरंजीवर मी. स्वराली आठ वर्षांची. बोलत नव्हती, एक शब्द नाही. ऐकू येत होतं, डोळे तेज, पण नजरेला नजर द्यायची नाही. बरोबर तिची आई आणि आजोबा आले होते. आजोबांना सगळे आप्पा म्हणायचे, गावात वजन असलेला माणूस, मोठी बागायत, कांदा साठवायच्या दोन चाळी. शाळेच्या गुरुजींनी चिठ्ठी दिलेली, मुलगी वर्गातून उठून जाते, सांभाळणं अवघड आहे, घरी शिक्षणाची सोय व्हावी.

घरी शिक्षण म्हणजे नाव शाळेच्या पटावर, पोरगी घरात, आणि आठवड्यातून एकदा शिक्षक जाऊन तासभर बसणार. ज्या लेकराला अंथरुणातून उठताच येत नाही त्याच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे. पण स्वरालीची आई रांगेतच माझा हात धरून म्हणाली होती, "मॅडम, ती रोज सकाळी दप्तर घिऊन दारात हुबी ऱ्हाती. तिला शाळंतनं काढू नका. एकदा घरात बसली तर ती कवाच भाईर यायची न्हाई." आप्पांनी तिला दटावलं. म्हणाले, पोरं हसत्यात तिला, घरीच बरी.

मी विचारलं घरी काय काय करते. आईनं आप्पांकडं बघितलं. आप्पा म्हणाले, काहीच न्हाई करत. मी लिहिलं.

मग मी किटमधले ठोकळे तिच्यापुढं ओतले आणि चार रंगांचे चार ढीग कर म्हणून सांगितलं. दोन ढीग करून दाखवलेही. तिनं माझे ढीग मोडले. एकेक ठोकळा उचलला, बोटांत फिरवला आणि भराभर ठेवत गेली. लाल, पिवळे, हिरवे, निळे, सगळी खिचडी. मागं रांग वाढलेली, माझा जेवणाचा डबा तसाच. मी लिहिलं, 'रंग ओळखणे: अजून येत नाही. सूचना समजणे: अजून येत नाही. काम धरून करणे: अजून येत नाही.' 'अजून' मात्र तिन्ही ठिकाणी न विसरता लिहिलं, शहाणीच मी. शेवटी 'गृहाधारित'वर टिक केली, सही केली आणि डॉक्टरांकडं कागद सरकवला. डॉक्टरांनीही सही केली.  आईनं पोरीचं दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवलं आणि निघून गेली.

मी ठोकळे भरायला वाकले तेवढ्यात बाई लंगडत आल्या आणि ओरडल्या, "हातावर बस." मी होते तिथं बसले. बाई त्या ढिगांसमोर पहिल्यांदा उकिडव्या बसल्या, मग गुडघा दुखला म्हणून चक्क पालथ्या झोपल्या आणि चष्मा एका हातानं धरून बघत राहिल्या. शिबिरातली सगळी माणसं बघतायत, बाई सतरंजीवर पालथ्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग बाईंनी मला पण खाली झोपायला लावलं. जवळून बघितलं तर चार ढीग होते, आणि चारही नीट होते. एकात मोठे ठोकळे, एकात मधले, एकात बारके. आणि लांब, वेगळा, चौथा ढीग होता टवके उडालेल्या ठोकळ्यांचा. किट जुनं, पण कोणते ठोकळे फुटकेत हे मला चार वर्षांत माहीत नव्हतं. पोरीनं पाच मिनिटांत बाजूला काढले होते.

बाई म्हणाल्या, हिला हे कुणी शिकवलंय, आणि कुठं, ते उद्या बघायचं. मला रात्रभर झोप आली नाही. मी त्या आईचा खांदा आणि ते दप्तर आठवत पडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंदूरला आप्पांच्या दारात. आप्पांनी खुर्च्या टाकल्या, चहा आला, पोहे आले. स्वराली कुठाय विचारलं तर म्हणाले, आसंल हितंच कुठंतरी. घरात काम काय करते? पुन्हा तेच, काहीच न्हाई. बाईंनी पोहे संपवले आणि म्हणाल्या, आप्पा, जरा दोन किलो कांदा बघते तुमच्या चाळीतला. आप्पा घाईनं उठले, म्हणाले आणून देतो की, तुम्ही कशाला. पण गुडघ्याला पट्टा असूनही बाई चाळीच्या दाराशी आप्पांच्या आधी पोचल्या.

आत निवड चालली होती. चार बायका गोल बसलेल्या, मधे कांद्याचा डोंगर, आणि बायकांच्या मधे स्वराली. तिचे हात असे चालले होते की माझी नजर पुरेना. कांदा उचलायचा, बोटांत फिरवायचा, मानेवर अंगठा दाबायचा आणि ठेवायचा. मोठा एकीकडं, मध्यम एकीकडं, बारीक गोल्टी तिसरीकडं. आणि डागी, जोड, मऊ पडलेला कांदा लांब, वेगळ्या ढिगात. त्या ढिगाला त्यांच्यात बदला म्हणतात. आम्हाला बघून तिच्या आईनं तिला दंडाला धरून उठवायला सुरुवात केली. बाई दारातूनच म्हणाल्या, आई, हातावर बसा.

आप्पा मागून धापा टाकत आले. कालचा रुबाबदार माणूस, चेहरा उतरलेला. "बाई, तिला कुणी कामाला लावल्याली न्हाई बरं का. ती आपली बसती आईजवळ. तेवढं कागदावर घालू नका."

"आप्पा, काल तुम्ही सांगितलंत की तिला काहीच येत नाही."

"मग काय सांगू? सरकारी मान्सापुढं म्हनू का, नात कांदं निवडती? उद्या गावभर बोभाटा, आप्पा लेकराला राबवतो म्हनून."

बाई हसायला लागल्या. हसता हसता गोणीवर बसल्या, गोणी घसरली, बाई खाली. चष्मा दोऱ्याला लोंबकळत राहिला. चाळीतल्या बायका आधी घाबरल्या, मग त्याही हसायला लागल्या. मी मात्र हसत नव्हते. पोरीला येतंय ते आजोबांनी अब्रूपायी लपवलं, आणि मी त्यांच्या शब्दावर सही ठोकून दिली. मी तिथंच आईसमोर हात जोडले आणि माझं चुकलं म्हणून सांगितलं. ती बिचारी मलाच पाणी द्यायला धावली.

बाईंनी लगेच गुरुजींना फोन लावला. मधल्या सुट्टीत गुरुजी मोटरसायकलवर आले. माणूस वाईट नव्हता हो. दोन वर्ग एकटा सांभाळायचा, त्यात ही पोरगी उठून जायची, कुठं विहिरीबिहिरीकडं गेली तर काय, ही त्याची भीती. बाईंनी त्यांना कांद्याची एक पाटी दिली आणि निवडायला बसवलं. गुरुजी शेतकऱ्याच्या घरातलेच, बाह्या मागं सारून बसले. त्यांचं झालं तसं स्वराली उठली, त्यांच्या मोठ्या कांद्यांच्या ढिगापाशी गेली आणि एकेक करून अकरा कांदे उचलून बदल्यात टाकले. गुरुजींच्या तोंडाकडं बघितलंही नाही. शेवटच्या कांद्याला गुरुजींनी हरकत घेतली, म्हणाले हा तर चांगला टणक आहे. आप्पांनी तो कांदा घेतला, मानेवर अंगठा दाबला आणि विळ्यावर मधोमध चिरला. आतून पाणी सुटलेलं.

"गुरुजी, ती बराबर हाय," आप्पा म्हणाले. आणि मग काल काहीच न्हाई करत म्हणणारा माणूस चार बायकांसमोर छाती काढून बोलला, "आमच्या घरात तिच्यासारखी निवड कुनाचीच न्हाई. माझीसुदीक न्हाई."

आई तोंडाला पदर लावून भिंतीकडं वळली.

गुरुजी कांद्याकडं बघत म्हणाले, पण बाई, ती वर्गातून उठून जाते त्याचं काय? बाईंनी विचारलं, जाते कुठं? गुरुजी सांगायला लागले की जाते बाहेर व्हरांड्यात, आणि बोलता बोलता मधेच थांबले. डोक्याला हात लावला. गेले दोन महिने शाळेत एक भलतंच संकट चालू होतं. पोरांच्या चपला जागेवर राहत नव्हत्या. शाळा सुटताना रोज दंगा, याची चप्पल त्याच्याखाली, तिची तिसरीकडं, आणि पट्टा तुटलेल्या चपला तर थेट नळापाशी सापडायच्या. गुरुजींनी दोन दांडग्या पोरांना त्यापायी शिक्षाही केली होती. चोर समोर बसलेला, गोल्टी निवडत. मग काय विचारता, चाळीत जे हसणं सुरू झालं ते थांबेचना. गुरुजींना ठसका लागला. आप्पांनी फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले.

बाईंनी हसणं आवरलं आणि गुरुजींना सरळच सांगितलं. तिला बोलायला मदत लागेल, ती अजून बोलत नाही, आणि कधी बोलेल ते मला माहीत नाही. पण जिला चार ढीग कळतात तिला बेरीज कळेल, फक्त सुरुवात ढिगापासून करा. ती उठली की तिला परत ओढू नका, आधी कुठं चाललीय ते बघा. गुरुजी म्हणाले, पाठवा उद्यापासून, मी बघतो.

राहिला कागद. त्यावर माझी सही, डॉक्टरांची सही. बाई स्वतः खाडाखोड करू शकल्या असत्या, पण म्हणाल्या, तुझ्या अक्षरात चुकलंय, तुझ्या अक्षरातच दुरुस्त होऊ दे. मी तिन्ही ओळींवर रेघ मारली आणि लिहिलं, 'आकारमान आणि प्रत यांनुसार वर्गीकरण: येतं. तपासनीसापेक्षा चांगलं येतं.' डॉक्टरांकडं गेले, त्यांनी वाचून पुन्हा सही केली. तो कागद घेऊन मी एकटी दौंडला साहेबांकडं गेले.  साहेबांनी खाडाखोड बघितली, विचारलं एकदा सही केल्यावर हे असं कसं, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "डबा आणलाय का बरोबर?" मी नाही म्हटलं. "नशीब," म्हणाले आणि सही केली.

त्यानंतर दोन वर्षांनी बाईंचा शेवटचा दिवस आला. निरोप कुठं द्यायचा यावर ऑफिसात चर्चा झाली, पण बाईंनी केंदूरची शाळाच धरली. साहेब आले, गुरुजी होते, आप्पा फेटा बांधून आले, सगळी पोरं ओळीत. ती ओळ आता रोज स्वरालीच लावायची. बोलत नव्हती अजून, पण बेरजा-वजाबाक्या करायची, आणि चपला कुठं ठेवायच्या त्याची चार घरं गुरुजींनी व्हरांड्यात रंगानं आखून दिली होती. भाषणं झाली. नारळ, शाल झाली. मग फोटोवाला म्हणाला, सगळे उभे राहा.

आम्ही उभे राहिलो तशी स्वराली पुढं आली. आमची रचना तिला पटली नसावी. साहेब, गुरुजी, आप्पा यांना हाताला धरून एका बाजूला नेलं. मधल्या पोरांना मधे. मला मनगटाला धरलं आणि नेऊन उभं केलं पहिलीच्या पोरांत. गोल्टी. साहेब मोठ्यानं हसले, मी पण हसले, उंचीला काय करणार. मग ती बाईंपाशी गेली. चष्म्याचा दोरा बघितला, गुडघ्याचा पट्टा बघितला, बाईंचा हात धरला आणि त्यांना सगळ्यांपासून लांब, पार लिंबाखाली नेऊन एकटं उभं केलं.

सगळं गाव कांद्याचं. कुणाला काही सांगावं लागलं नाही. हसू थांबलं. गुरुजींनी मान खाली घातली. मला तर धरणीनं पोटात घ्यावं असं झालं, एवढं केलं बाईंनी या पोरीसाठी, आणि निरोपाच्या दिवशी हे. बाई मात्र तिथं शाल सावरत उभ्या, चेहऱ्यावर नुसतं कुतूहल, पुढं काय करते बघू.

स्वरालीनं व्हरांड्यातून आपलं दप्तर आणलं, खांद्याला अडकवलं, बाईंचं बोट धरलं आणि गेटाकडं चालायला लागली. आपल्या घराच्या वाटेनं.

तिची आई माझ्याशेजारी उभी होती. हलक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, बदला आमी इकत न्हाई. त्यो घरच्याला ठिवतो."

मला हुंदका आला तो कुठं लपवावा कळेना. बाईंना सांगायला हवं, त्यांना परत आणायला हवं, फोटो राहिलाय, म्हणून मी पोरांतून वाट काढत निघाले. गेटापाशी पोचलेल्या बाईंनी मागं वळून माझ्याकडं बघितलं, पाय न थांबवता, जसं स्कूटीवर बघायच्या तसं. म्हणाल्या, "हातावर बस, पोरी."

तो फोटो माझ्याकडं आहे. त्यात साहेब आहेत, गुरुजी आहेत, आप्पा आहेत, पोरं आहेत, आणि बाई नाहीत. सगळे उभे आहेत. मी एकटी पहिलीच्या पोरांच्या पायाशी नव्या साडीत खाली बसलेय, आणि माझे हात त्यात कुठंच दिसत नाहीत.